न चिरायच्या भाज्या

भावाला सिनेमाची हुक्की आली तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. माझा धाकटा भाऊ बेचाळीस वर्षांचा आहे. बाविसाव्या वर्षापासून त्याला कानात आवाज ऐकू येतात. गोळ्या चालू असल्या की ते आवाज, त्याच्याच शब्दांत, शेजारच्या घरातल्या भांडणाइतके लांब राहतात. आई-वडील गेल्यावर लक्ष्मी गेटजवळच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत शिकवते, तो बाजार करतो आणि भाजी चिरतो. विळीवर त्याच्याइतका बारीक कोबी चिरणारं माणूस अख्ख्या झाँसीत नसेल; शेजारच्या भाभीजी तर नुसती विळी बघूनच पाय आखडून घेतात.

त्या सिनेमाचा नायक आवाज ऐकणारा आहे, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. "ताई, पहली बार कोणीतरी माझ्यासारखा आहे," तो म्हणाला. रविवारी दुपारच्या खेळाला त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

मध्यंतरापर्यंत तो खुशीत होता. पडद्यावरचा माणूस आवाज दाबायला रेडिओ बारीक लावून बसायचा, अगदी हा बसतो तसा, आणि हा मला कोपराने ढोसायचा. मध्यंतरानंतर त्या माणसाने गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या, आरशात बघून हसला आणि सुरा घेऊन बहिणीच्या खोलीत शिरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या भावाचे हात मांडीवर एकावर एक, शेवटपर्यंत तसेच होते. मी पडद्याकडे कमी आणि त्या हातांकडे जास्त पाहिलं, हे कबूल करायलाच हवं.

येताना ऑटोत मी तावातावाने बोलत होते. लिहिणाऱ्याने जन्मात असा एक तरी माणूस पाहिलाय का, याने वीस वर्षांत झुरळसुद्धा मारलेलं नाही, वगैरे. तो नुसता हूं म्हणाला. घरी आल्यावर त्याने नेहमीसारखी विळी पुढे ओढली, पातं उघडलं, आणि मला त्याची भीती वाटली. वीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याने मुळा चिरला, एक चकती मला दिली. ती मी खाल्ली, पण दाराकडे सरकून.

तो अंघोळीला गेल्यावर मी विळी साड्यांच्या कपाटात कोंबली आणि कुलूप लावलं. स्वतःची लाज वाटली, पण भीती लाजेला जुमानत नाही. विचारलंच तर धार लावायला दिली म्हणून सांगणार होते. त्याने विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. तो विचारत नाही म्हणून मी आणखीच घाबरले. त्याच्या पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. तरी जाऊन बेसिनची जाळी पाहिली. रात्री तो पाणी प्यायला उठला तरी माझी पाचावर धारण बसायची.

सोमवारी त्याने मटार आणले. मंगळवारी मेथी. बुधवारी पुन्हा मटार. गुरुवारी शाळेतून येताना मी कोपऱ्यावरची भाजीची गाडी पाहिली. फ्लॉवर होता, कोबी होता, गाजरं होती, त्याला आवडणारा मुळाही होता. घरी हा पुन्हा मटारच सोलत बसला होता. तेव्हा मला उमगलं की चार दिवस हा नुसती सोलून नाहीतर खुडून भागेल, चिरावी लागणार नाही अशीच भाजी आणतोय. विळी कुठे गेली आणि का गेली, दोन्ही त्याला ठाऊक होतं.

मी पर्स खाली ठेवली. त्याने शेंगांवरून नजर उचलली नाही.

"ताई, चार दिवस तू झोपली नाहीस," तो म्हणाला. "थोडी पड. माझ्या खोलीला बाहेरून कडी घाल, म्हणजे झोप लागेल."

वेडा आहेस का, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याने दाणे झाकून ठेवले, सालं कागदात गुंडाळली, आपल्या खोलीत गेला आणि दार स्वतःच लोटून घेतलं. आत रेडिओ बारीक लागला. मी दारापाशी बराच वेळ उभी राहिले. कपाटाची किल्ली माझ्या मुठीत होती. विळी काढून त्याच्यासमोर ठेवावी, एवढंच करायचं होतं.

मी कडी घातली. आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.