कोपऱ्यातलं मशीन

तेलकाकांच्या शर्टाच्या खिशात तेलाची कुपी असे आणि ती तिथेच गळे. बायकोने दहा वर्षं डाग धुतले, मग हात टेकले आणि काळेच शर्ट आणायला सुरुवात केली. काका मेकॅनिक होते त्या कपड्यांच्या कारखान्यात दोनशे शिलाई मशीनं होती. त्यातलं कुठलं कधी रुसेल हे काकांना आधीच कळे. दुसऱ्या कुणाला कळू नये, याचीही ते पुरेशी काळजी घेत.

त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी 'मार्गदर्शक योजना' काढली तेव्हा काकांना ती मुळीच रुचली नाही. चौदा वर्षं कॉलर शिवणाऱ्या एक बाई तीन महिने त्यांच्या हाताखाली येणार होत्या. शेवटी काकांनी सही केली तर बाई मेकॅनिक, नाही केली तर परत कॉलरी. शिवाय दर आठवड्याला फॉर्म: 'काय संवाद झाला?'

संवाद असा झाला. काकांनी कोपऱ्यातलं एक मोडीतलं मशीन मुद्दाम बिघडवलं आणि म्हणाले, "बघा."

"काय बघू, काका?"

"मशीन सांगेल."

"ते कुठे बोलतंय?"

"तुम्ही थांबलात की बोलेल."

काका चहाला गेले. दुपारी परतले तेव्हा त्यांनी केलेला एक बिघाड शाबूत होता आणि बाईंनी त्यात दोन नव्यांची भर घातली होती.

"आधी आपल्या हातावर संशय घ्यायचा," काका म्हणाले, "मग मशीनवर."

तीन महिन्यांतलं शिकवणं म्हणावं तर एवढंच. फॉर्मवर ते दर आठवड्याला 'बघा' लिहीत. साहेबांनी विचारलं, "यात संवाद कुठाय?"

"बाई बघतात. मी चहा पितो."

पण हळूहळू चहा निवायच्या आत मशीन चालू व्हायला लागलं. काका इरेला पेटले. जेवतानाही नवे बिघाड सुचू लागले. बायको म्हणाली, "पगार दुरुस्तीचा मिळतो की बिघडवायचा?"

सही मात्र होईना. "अजून कच्च्या आहेत," काका साहेबांना म्हणाले. खरं तर सही झाली की सकाळचा खेळ संपणार होता, पण फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

"उद्या शेवटचा दिवस," साहेब म्हणाले. "हो की नाही, ते उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी काका आले, तर बाई आधीच कोपऱ्यात. "काका, बघा," म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

मशीन दर पाचवा टाका सोडत होतं. काकांनी दोरा पाहिला, ताण पाहिला, खालचा हूक खोलला, परत बसवला. तासभर गेला. शेजारच्या बायका शिवायचं सोडून बघत बसल्या. साहेबही फॉर्म घेऊन येऊन उभे राहिले.

बाई सावकाश परतल्या. "आधी कुणाच्या हातावर संशय घ्यायचा, काका?"

काकांनी सुईकडे पाहिलं. सुई काल त्यांनी स्वतः लावली होती, म्हणून तिला हातच लावला नव्हता. त्यांनी ती काढून दुसरीशेजारी धरली. केसभर आखूड.

"ही माझी नव्हे."

"तुमची माझ्या डब्यात आहे. ही दुसऱ्या जातीच्या मशीनची. तुमच्या सुईवर तुम्ही संशय घेणार नाही, याची खात्री होती."

काकांनी फॉर्म ओढून घेतला, सही केली आणि संवादाच्या रकान्यात लिहिलं, 'बघितलं.'

सोमवारी बाई मेकॅनिक म्हणून अर्धा तास लवकरच आल्या. कोपऱ्यात मशीनवर एक काळा शर्ट वाकलेला होता.

"चहा पिऊन या," पाठ न वळवता काका म्हणाले. "बिघडवायला पाच मिनिटं लागतील अजून."