पायरीवरचा पांढरा रंग

आमच्या घरी एका रशियन चित्रकाराचं पुस्तक आलं, तेव्हा आमचे हे ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झालेले होते आणि साखरेच्या आजारानं नजर कमी व्हायला लागली होती. मुलीनं पुण्याहून पाठवलं होतं. सगळी जुन्या शहरांची चित्रं. ओले रस्ते, बर्फात बुडालेली घरं, धुक्यात अर्धे विरघळलेले घुमट. माणसं म्हणजे ब्रशचे दोन फटकारे, नाक नाही, डोळे नाहीत. पुस्तक हे नाकाशी धरून बघायचे. मला म्हणाले, "हा घर काढत न्हाई. घरावर पडलेला उजेड काढतो. आता मलाबी तेवढाच दिसतो."

मग सकाळी सकाळी हे जुन्या जालन्यातल्या कापडाच्या गल्लीत जाऊन बसायला लागले. जन्मभर शाळेत मुलांकडून आंबा नि मडकं गिरवून घेतलेला माणूस, पहिल्यांदा स्वतःसाठी रंग कालवत होता. एका जुन्या दुकानाचे मालक, सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, ह्यांना समोरच्या ओट्यावर जागा करून द्यायचे. स्वतः दुकानाच्या पायरीवर पांढरा कुर्ता घालून बसायचे. "मास्तर, जल्दी करा, ऊन चढून राह्यलं," असं म्हणत चहा पाठवायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा दोघं समोरासमोर बसलेले असायचे.

ह्यांनी तिथं गल्लीचं एक चित्र काढलं, त्यात चाचाही होते. पायरीवर पांढऱ्या रंगाचा एक जाड थर, खाली जरा करडी सावली. एकदा चाचींनी आतून येऊन ते पाहिलं.  बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून दुकानांवर खुणा झाल्या. पाडायचं मशीन आलं त्या दिवशी चाचा रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले होते. दुकानाचा पुढचा भाग पायरीसकट पडला. चाचा जागचे उठले नाहीत. हे जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "मास्तर, धूळ लई आहे, तुम्ही घरी जा." त्यानंतर चाचांनी अंथरूण धरलं ते धरलंच. पाऊसकाळ सरायच्या आत गेले.

काही दिवसांनी त्यांचा मोठा मुलगा आमच्याकडे आला. चित्र मागायला. हे लगेच द्यायला उठले. त्यानं चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"यात अब्बा कुठं आहेत?"

ह्यांनी पांढऱ्या थरावर बोट ठेवलं.

त्यानं चित्र पुन्हा उजेडाकडे धरलं. मग अगदी अदबीनं म्हणाला, "मास्तर, चेहरा घालून देता का? घरात त्यांचा चांगला फोटो न्हाई."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण बापाविना पोर समोर उभं होतं. "देतो," म्हणाले.

जुना पांढरा रंग चाकूच्या पातीनं खरवडून काढला आणि तिथं चेहरा काढायला बसले. एका हातात भिंग धरलं. दाढी झाली, डोळे झाले, टोपी झाली. मला तो कुणीतरी दुसराच म्हातारा वाटला. 

मुलगा चाचींना घेऊन आला. त्यांनी चित्राजवळ जाऊन पाहिलं, मग लांबून पाहिलं.

"नै मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "ये वो नै. पहले जो सफेद था ना, वोच थे."

मुलगा खाली बघायला लागला. त्यानं चित्राला हात लावला नाही, हेही द्यायला पुढे झाले नाहीत. मी चहा ठेवते म्हटलं, तर चाची म्हणाल्या, आता नको.

ते गेल्यावर ह्यांनी चेहरा पुसून पांढरा रंग पुन्हा लावून पाहिला. एकदा दाट झाला, एकदा मळकट. एकदा वाटलं जमलं, मग मलाच विचारलं, "चाचा बसलेले दिसतात का?" मी हो म्हटलं. त्यांना कळलं, मी खोटं बोलले ते.

ब्रश धुऊन ठेवले ते पुन्हा काढले नाहीत. वर्षभरात ह्यांना दिसायचं जवळजवळ बंद झालं. चित्र माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. चाची बाजारात भेटतात तेव्हा ह्यांच्या डोळ्यांची चौकशी करतात, चित्राची नाही.