कात्रीताईचा बोलका फोन

तिला सगळे कात्रीताई म्हणत. नव्या माणसाला वाटे, ही बायकांचे केस कापते म्हणून असं नाव पडलं असेल. तसं नव्हतं. नाव जिभेवरून पडलं होतं, तेही लहानपणी, आणि ठेवलं होतं तिच्या आईनेच. खरी कात्री हातात आली ती पुष्कळ नंतर. मग दोन्ही कात्र्या बरोबरीने चालू लागल्या.

औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर तिचं छोटंसं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. केस तर कुठेही कापून मिळतात, पण तिच्याकडे बायका जिना चढून यायच्या त्या निम्म्या बोलण्यासाठी. एखादी घाबरून विचारी, "छान दिसेन ना हो मी?" की लगेच उत्तर येई, "केसांचं माझ्याकडे लागलं. बाकीची तक्रार आईवडिलांकडे." बाकावरच्या सगळ्या हसत, आणि जिला बोलणं बसलेलं असे ती सगळ्यांत जास्त हसे. तिच्या बोलण्याने गुदगुल्या व्हायच्या, ओरखडा कधी उठला नाही.

बाकावर बसल्या बसल्या बायका आपापल्या फोनबद्दल बोलायच्या. एकीला चार दिवस टिकणारी बॅटरी हवी असायची, दुसरीला वय कमी दाखवणारा कॅमेरा, तिसरीला पडला तरी न फुटणारी काच. कात्रीताई ऐकून म्हणायची, "तुमच्या फोनांना सगळं येतं. सासूचा आला की तेवढा उचलता येत नाही." तिच्या स्वतःच्या जुन्या बटणांच्या फोनला बोलणं आणि ऐकणं एवढंच यायचं. यापेक्षा आणखी काय लागतं, हे तिला कळत नसे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या उंच इमारतींत दिवसभर तारा, चाकं आणि दारं तपासत फिरायचा. माणूस सज्जन, पण तोंडातून शब्द काढायचा तर जणू कुलूप उघडावं लागे. "लिफ्टमध्ये शिरलं की माणसं गप्प होतात ना," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या ह्यांना ती सवय घरीही लागलीय." संध्याकाळी जेवताना ती दिवसभराचं सगळं त्याच्या कानावर घालायची. तो भाजीकडे बघत "हं" म्हणायचा. आपण इतकी वर्षं भिंतीशीच बोलतोय, अशी तिची समजूत होती. आणि भिंत उलट बोलत नाही म्हणून तिची फारशी तक्रारही नव्हती.

मग तिचा आवाज बसला. थंड खाल्लं असेल, म्हणून तिने गुळण्या केल्या. आवाज सुटेना. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि समोर बसवून सरळ सांगितलं की गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

जीव वाचला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक छिद्र राहिलं. केसांचे बारीक तुकडे उडून आत जाऊ नयेत म्हणून ती त्यावर पातळ सुती रुमाल बांधू लागली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यात दाखवलं, पण ते धरायला एक हात लागायचा. एका हाताने केस कसे कापणार? तिने ते परत केलं आणि एक पाटी घेतली.

अंगात ताकद आल्यावर तिने पार्लर उघडलं. गिऱ्हाइकं परत आली, एकही तुटलं नाही. ह्यासाठी ती त्यांची कायम ऋणी राहिली. पण खोलीत काहीतरी बिनसलं होतं. बायका तिच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायच्या, जणू तिचा आवाज नव्हे, कान गेले होते. बाकावर कुजबुज चालायची. कोणी काही बोलून गेलं की तिच्या डोक्यात उत्तर तयार असे, अगदी जिभेच्या टोकावर. पण हात ओले, कात्री खाली ठेवा, हात पुसा, पाटी शोधा, लिहा. तोवर बोलणारी दुसऱ्या विषयावर गेलेली असायची. मग पाटीवरचा विनोद वाचून ती बाई कसनुसं हसायची. त्या हसण्यात दया असायची, आणि तीच कात्रीताईला सोसत नसे. हळूहळू तिने पाटीवर फक्त "मान खाली" आणि "झालं" एवढंच लिहायला सुरुवात केली.

घरातल्यांना हे दिसत होतं. एका रविवारी मुलगी आणि जावई आले, धाकटा दीरही आला, आणि वहिनीला नवा फोन घ्यायचा असं ठरलं. कोणता, ह्यावर मात्र एकमत होईना. मुलीला वाटलं, मोठा पडदा हवा, म्हणजे आई सिनेमे बघेल, तिचं मन रमेल. जावयाने कॅमेऱ्याची बाजू लावून धरली. दीर म्हणाला, "वहिनी, घ्यायचाच तर सगळ्यांत पुढचा घ्या. मागे पडायला नको." प्रत्येकजण स्वतःला हवा असलेला फोन तिच्या गळ्यात बांधत होता. तिने पाटीवर लिहिलं, "मला बोलणारा हवा."

नवरा कोपऱ्यात बसून नखं कापत होता. त्याने वर न बघता म्हटलं, "उद्या मी रजा टाकतो. आपण दोघंच जाऊ."

फोनचं दुकान भलं मोठं आणि लख्ख होतं. चुणचुणीत विक्रेता पुढे आला आणि त्याने पाठ केलेलं म्हणायला घेतलं. किती कॅमेरे, किती पातळ, अंधारात फोटो कसा येतो, गेम कसा अडकत नाही. कात्रीताईने पाटी वर केली. त्याने ती वाचली, मान डोलावली, आणि "हो हो, ह्याचा आवाज एकदम दणदणीत आहे, गाणी मस्त वाजतात" म्हणून पुन्हा कॅमेऱ्यावर आला. तिने पाटी पिशवीत घातली. चला, असं खुणेने नवऱ्याला सांगितलं.

नवरा हलला नाही. त्याने घसा साफ केला.

"थांबा जरा," तो विक्रेत्याला म्हणाला. "तुम्ही सांगताय ते चांगलंच असणार. पण हिचं काम वेगळं आहे. ही केस कापते. हात सतत ओले असतात, बोटांना फेस लागलेला असतो. तेव्हा ओल्या बोटाने चालेल असा द्या. ड्रायर सुरू असताना ऐकू जाईल एवढा आवाज पाहिजे. मराठी बोलायला हवा, आणि इंग्रजाने मराठी वाचल्यासारखा नको. दुसरं म्हणजे वेग. तुम्ही गेमचा वेग सांगितलात, तो मला कळत नाही. समोरच्या माणसाचं बोलणं संपता संपता हिचं उत्तर तयार असतं. एवढासा उशीर झाला तरी त्यातली गंमत जाते. त्या वेगाला पुरा पडेल असा फोन आहे का, ते बघा."

कात्रीताई त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नात दोन्हीकडची माणसं मिळून त्याला बोलायला लावत होती, तेव्हाही तो इतकं बोलला नव्हता.

मागच्या टेबलावर फोन दुरुस्त करणारी एक बाई बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, डोळ्याला भिंग. तिने भिंग वर सरकवलं, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि उठून आली. "ताई, इकडे या," ती म्हणाली. "आपण बघू."

तिने पेल्यात पाणी आणलं. स्वतःची बोटं बुडवली, कात्रीताईचीही बुडवायला लावली, आणि दोघी एकेक फोन ओल्या बोटांनी दाबून बघू लागल्या. विक्रेता बिचारा फडकं घेऊन मागेमागे. सगळ्यांत महागडा फोन पाण्याच्या एका थेंबाने वेड्यासारखा वागू लागला. दुसरा चालला, पण त्याचा आवाज डासाएवढा. शेवटी मधल्या फळीवरचा एक जाडसर, दिसायला ओबडधोबड फोन निघाला. बोट ओलं असो की कोरडं, तो ऐकत होता. दुरुस्तीवाल्या बाईने त्यात वाक्यं बोलून दाखवणारं ऍप घातलं. पडद्यावर मोठमोठे चौकोन आले. प्रत्येक चौकोनात एक वाक्य, आणि चौकोन दाबला की फोन ते वाक्य म्हणणार.

"सतत टाइप करत बसलात तर उशीर होणारच," ती म्हणाली. "तुम्ही नेहमी जी वाक्यं बोलता ना, ती आधीच भरून ठेवू. सांगा, काय काय भरू?"

कात्रीताईने बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. आपण नेहमी काय बोलतो? पाणी वाहतं तसं बोलणं वाहत आलं होतं. ते धरून कोणी ठेवलंय?

"लिहा," नवरा म्हणाला. "मान हलवू नका, कान परत चिकटवता येत नाहीत मला."

बाईने लिहिलं.

"हे एक घ्या. झुलपं घरीच कापून आलेल्या बाईसाठी. 'भांडण कोणाशी झालं होतं?' मग, 'केस परत येतात, म्हणून तर माझा पोटाचा धंदा चालतो.' ते आईवडिलांकडे तक्रारीचं पण घ्या." तो सांगत गेला. कोणत्या बाईला काय म्हणते, कोणत्या वाक्याआधी थोडी थांबते, कोणतं वाक्य हळू आवाजात बोलते. जेवणाच्या ताटावर तिने जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याच्यापाशी जसंच्या तसं होतं. भाजीकडे बघत "हं" म्हणणारा माणूस सगळं साठवत गेला होता.

कात्रीताईचे डोळे भरून आले. तिने पाटी काढून लिहिलं, "कधी हसला का नाहीत?"

"पोटातल्या पोटात हसायचो," तो म्हणाला. "मोठ्याने हसलो असतो तर तुझं पुढचं ऐकायचं राहिलं असतं."

दुरुस्तीवाली बाई काहीतरी शोधायचं निमित्त करून टेबलाखाली वाकली.

दुसऱ्या दिवशी आरशाखालच्या फळीवर फोन उभा केला. खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. जन्मभर वर्गावर नजर फिरवल्यामुळे त्यांची मान एका जागी म्हणून ठरत नसे. कात्रीताईने ओल्या बोटाने चौकोन दाबला. स्टेशनवर गाडी उशिरा येतेय असं सांगणाऱ्या बाईच्या सुरात फोन म्हणाला, "मान हलवू नका, कान परत चिकटवता येत नाहीत मला."

मग बाई अशा हसल्या की मान आणखीच हलली. बाकावरच्या हसल्या. आवाज असा सरकारी, कोरडा, आणि आत कात्रीताईचा खवचटपणा. त्यामुळे तो विनोद पूर्वीपेक्षा जास्तच चढला. कात्रीताई स्वतःही हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे गदगदत होते. पण ह्या वेळी कोणाच्या हसण्यात दया नव्हती, हे तिने आरशात नीट बघून घेतलं.

फोनने सगळं परत दिलं असं नाही. रागावताना आणि लाडाने बोलताना त्याचा सूर एकच. मुलीशी भांडायचं तर मजाच जाते. कधी ऐनवेळी भलताच चौकोन दाबला जातो, आणि सांत्वनाला आलेल्या बाईला विचारलं जातं, भांडण कोणाशी झालं होतं. पण दिवस बोलण्यात जातो. संध्याकाळी ती दमलेली असते तेव्हा फोन बाजूला राहतो आणि दिवसभराचं नवराच सांगतो. कुठल्या इमारतीत कोण अडकलं, दार उघडेपर्यंत आतल्या माणसांनी काय काय गप्पा मारल्या. ती ऐकते. तो गोष्टी चांगल्या सांगतो, हे तिला ह्या वयात कळलं.

त्या दुरुस्तीवाल्या बाईचे केस आता कात्रीताईच कापते. पैसे घेत नाही, आणि बाई आग्रह करायला लागली की फोन बंद करून ठेवते, म्हणजे वाद घालायची सोयच उरत नाही. परवा बाई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कंपनीवाले आले होते. लोकांना नव्या फोनमध्ये काय हवं, असं विचारत होते. म्हटलं, आधी तुम्हाला विचारते."

कात्रीताईने कात्री ठेवली, हात पुसले आणि बराच वेळ टाइप केलं. मग चौकोन दाबला.

"दुसरा बोलत असताना मध्येच तोंड घालता येईल असा फोन काढा म्हणावं. बाकी तक्रार नाही. तुम्ही त्या दिवशी उठून आलात, तेवढ्यावर माझं झालं."

बाईने आरशातूनच मान डोलावली. कात्रीताईने ती हलकेच धरून सरळ केली आणि पुन्हा कापायला लागली.