पोस्टातल्या डॉक्टरची बदली

हसायचं असेल तर मोकळेपणानं हसा, मी राग मानणार नाही. माझी फजितीच तशी झाली. आणि तीही कशापायी? इंग्रजीपायी! अमरावतीच्या आमच्या राजापेठेत कुणाची तार आली, साहेबाचं पत्र आलं, की लोक ते घेऊन माझ्याकडे यायचे. शाळामास्तर ना मी! इंग्रजी म्हटलं की मास्तर!

साठ सालानंतरची गोष्ट. आमचा अशोक मुंबईला शिकून डॉक्टर झाला. सुई टोचणारा नव्हे हो, संशोधन करून झालेला. इथवर मला सगळं समजत होतं. मग तो निघाला विलायतेला.

आदल्या दिवशी त्याची आई भाकरी थापत होती. हा चुलीपाशी बसला आणि म्हणाला, "आई, हात वाकव बरं. तुह्या दंडात बारीक बारीक धागे हायेत, प्रथिनांचे. ते एकमेकांत सरकतात म्हणून हात वाकते. ते धागे बनतात कसे, त्याचे तुकडे आपोआप जागच्या जागी कसे बसतात, ते मले पाहाचं हाय."

तिनं हात वाकवून पाहिला.

"हात तर अमरावतीतबी वाकते ना रे बापा! त्याच्यासाठी विलायतेले काहून जा लागते?"

पोरगा खदखदा हसला. ती नाही हसली.

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा मला आठवलं, लोक विचारतील त्यांना सांगायचं काय? मी डब्याबरोबर धावत ओरडलो, "अरे, पन तिथं तू असशीन कोन?"

खिडकीतून तो ओरडला, "बाबा, पोस्ट-डॉक्टर...!"

शिट्टी झाली. पुढचं सगळं धुरात गेलं. आता तुम्हीच सांगा, चूक माझी की इंजिनाची?

घरी येईपर्यंत मी अर्थ लावून मोकळा! पोस्ट म्हणजे टपाल. डॉक्टर म्हणजे डॉक्टर. पोरगा पोस्टातला डॉक्टर!

"पोस्टात त्या धाग्याईचं काय काम?" बायकोनं विचारलं.

"अवं, पोस्टमन दिवसभर सायकल हाणते, थैले उचलते. त्याचे हातपाय दुखनार नाहीत काय? म्हणून तिकडच्या सरकारनं स्नायूचा डॉक्टर ठेवला!"

काय चपखल बसलं होतं! माझं मलाच कौतुक वाटलं. आठवड्याभरात साऱ्या राजापेठेत बातमी. आमचा पोस्टमन तर दारासमोर सायकलवरून उतरून रामराम घालू लागला.

दिवाळी गेली, होळी गेली. अशोकच्या पत्रात खुशाली असायची, येण्याचं नाव नसायचं. बायको रोज एक भाकर जास्त थापायची आणि म्हणायची, "हात थांबलाच नाही." ती भाकर सकाळी मी दुधात कुस्करून खायचो.

अशात अकोल्याहून माझा साळा आला. कचेरीत कारकून. घरातले उतरलेले चेहरे पाहून म्हणाला, "भाऊजी, पोरगं सरकारी नोकरीत हाय ना? मंग बदलीचा अर्ज करा! माही नाही झाली वाशिमहून अकोल्याले?"

बायकोनं झटकन वर पाहिलं. "अवो, होते काय असं?"

तिच्या डोळ्यांकडे पाहून 'नाही' म्हणायची कुणाची छाती होती! म्हटलं, "न व्हाले काय झालं?"

बसलो अर्ज लिहायला. फर्ड्या इंग्रजीत! विलायतेच्या पोस्टात स्नायूंचा डॉक्टर असलेल्या माझ्या मुलाची अमरावतीच्या पोस्टात बदली व्हावी, त्याची आई वाट पाहून राहिली आहे. इस्त्रीचा सदरा घातला आणि थेट पोस्टमास्तरांसमोर उभा राहिलो.

त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला.

"मास्तर, चिरंजीवाचं खातं कोनतं?"

"म्हणजे काय? पोस्ट! पोस्ट-डॉक्टर!"

भला माणूस. हसू मिशीतच दाबून ठेवलं. मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "मास्तर, हे पोस्ट म्हणजे आपलं पोस्ट नव्हे जी. इथं पोस्ट म्हणजे नंतर. डॉक्टर झाल्यानंतरचं संशोधन."

इतक्या वर्षांचं माझं इंग्रजी त्या चहात बुडालं! पण त्याहून भलतंच काहीतरी मला टोचलं.

"अन् त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर... अजून संशोधन असंन."

"अन् घरी?"

पोस्टमास्तर उगाच चहा ढवळत राहिले. "माह्या हातात असतं ना मास्तर, तर आत्ता सही केली असती."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, पोटभर हसेल तरी. तिनं एवढंच विचारलं, "अर्ज वापस आनला काय?"

"नाही. लाजेच्या मारे तिथंच राहिला, टेबलावर."

"राहू द्या मंग. कोनाच्या तरी टेबलावर त्याचं नाव राहू द्या."

पुढच्या आठवड्यात मी पोस्टात गेलो. तिकिटं आणायला. खोटं कशाला बोलू, तिकिटं घरात पडली होती. पोस्टमास्तरांनी मला दारातच पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मास्तर, वरून अजून काही उत्तर आलं नाही बरं!"

त्यांनाही सगळं माहीत, मलाही सगळं माहीत. शहाण्या माणसानं हसून परत फिरावं की नाही?

मी शहाणा पुढे झालो आणि विचारलं, "साहेब, वरून म्हणजे नागपूरहून, का दिल्लीहून?"