पाच वर्षांच्या पोरीचं लाळेरं

"हिला लाळ जास्त होत नाही. ती गिळली जात नाही," डॉक्टर म्हणाले. हातातली बॅटरी विझवून त्यांनी पुढचं विचारलं, "आंबट काय देता?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आमची सुनंदा, म्हणजे सुनी, तेव्हा पाच वर्षांची होती. हनुवटी सोललेली, लालभडक, आणि गळ्यात लाळेरं. तान्ह्या बाळाचं नव्हे, जुना टॉवेल फाडून मी शिवलेलं. दिवसाला आठ लागायची. शिवाजी पेठेत आमच्या दोरीवर ती वाळत पडली की येणारी-जाणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "कशाचं डोहाळं राहिलतं गं तुझं?"

आईचे डोहाळे पुरवले नाहीत की पोराची लाळ गळते, ही आपल्याकडची अक्कल. या बायांचा मला संताप यायचा, अजून येतो. पोर बसायला उशिरा शिकली, चालायला उशिरा शिकली, जीभ जड होती, ते कुणाला दिसत नव्हतं. दिसायचं काय, तर मी काय खाल्लं नाही ते!

सगळ्यांवर कडी आमच्या वन्संची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची. त्यांचे मालक पन्हाळ्याला तालुका कचेरीत होते. दर रविवारी एसटीनं यायच्या आणि उंबऱ्यातूनच सुरू. "आठव की गं कुसुम! माझ्या भावानं तुला काय कमी केलं, सांग तरी." हे शाहूपुरीत छापखान्यात होते. रविवारी घरी असले तरी पेपर तोंडापुढे धरून बसायचे. ना बहिणीला गप्प करायचे, ना माझी बाजू घ्यायचे.

होळीच्या सुमाराला सुनीचं नाव घालायला मी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "पाटी भिजते, बाकीची मुलं शेजारी बसणार नाहीत. जूनपर्यंत लाळ थांबली तर आणा, नाहीतर नाही." सुनी घरी येऊन नवी पाटी फडक्यानं पुसत बसली. तिला काय कळलं नसेल? सगळं कळलं होतं.

त्याच रविवारी वन्संनी पुन्हा तोंड उघडलं आणि माझं डोकं फिरलं. "करवंदं!" मी ओरडले. "पन्हाळ्याची करवंदं राहिली माझी. झालं समाधान?"

साफ खोटं होतं ते. सुनीच्या वेळी मला कशाचेच डोहाळे नव्हते. भाताचा वास आला तरी उमळून यायचं. वाटलं, कशाचं तरी नाव एकदा सांगून टाकलं की तोंडं बंद होतील.

कुठली बंद होतायत! झुडपांना करवंदं धरल्याबरोबर वन्सं पिशवी भरून हिरवी कच्ची घेऊन हजर. आधी मला खायला लावली, मग सुनीला. "आईचं राहिलं ते लेकीच्या तोंडानं फिटंल," हा त्यांचा शोध. मीठ लावून, चटणी करून, सकाळ-संध्याकाळ. पोर आंबटाला चटावली. आठ लाळेऱ्यांची बारा झाली. तरी मी बोलले नाही. खोटं कबूल करायचं तर वन्संपुढे मान खाली घालावी लागणार होती, आणि ते मला नको होतं.

हनुवटीतून रक्त यायला लागलं तेव्हा तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी केसपेपरच्या रांगेतच दुपार झाली. एक बाई सुनीकडे बघून नाकाला पदर लावून सरकली. "अजून सरका की," मी म्हटलं, "लाळंनं कोण मेलेलं ऐकलं न्हाय मी!" दुसऱ्या फेरीत दात, टॉन्सिल, नाक तपासलं, मानेचा एक्स-रे काढला. तिसऱ्या फेरीत डॉक्टर बोलले.

सौम्य सेरेब्रल पाल्सी. म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूच्या एखाद्या भागाला इजा होते आणि स्नायूंना त्याचा हुकूम नीट पोचत नाही. सुनी जन्मल्यावर बराच वेळ रडली नव्हती. लाळ ओघळत राहण्याला सायलोरिया म्हणतात. लाळ सगळ्यांनाच दिवसभर होते, आपण नकळत गिळतो. सुनीचे ओठ मिटत नव्हते, गिळण्याची आठवण होत नव्हती. "आणि आंबटानं लाळ वाढते, हे काय डॉक्टरनं सांगायला हवं?" करवंदांचं माझ्या तोंडून ऐकून ते चिडून म्हणाले. "करवंदं कुणी सुचवली?"

"मीच," मी म्हटलं.

त्या रविवारी वन्संना मी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. "माझं काहीच राहिलं नव्हतं. खोटं बोलले मी."

"पोरीच्या जिवाशी खेळ? आगं, मग आधी का न्हाय सांगितलंस?"

"काय राहिलं, एवढंच विचारत होता तुम्ही. राहिलं होतं का, हे पाच वर्षांत कुणी विचारलं?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "आक्का, बास आता," म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा. वन्सं पाणीही न पिता निघून गेल्या.

तुमच्या घरी असं पोर असेल तर डोहाळे मोजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अॅट्रोपीन म्हणून औषध आहे, लाळ सुकवणारं. सुनीला त्यानं तोंडाला कोरड पडली, अंग तापलं, म्हणून चार दिवसांत डॉक्टरांनीच बंद केलं. उरली ती मेहनत. पाय टेकतील अशा पाटावर ताठ बसवायचं. ताक नळीनं प्यायला द्यायचं. पिपाणी वाजवायला लावायची. हनुवटी खसाखसा पुसायची नाही, फडकं नुसतं दाबायचं. आणि मी माझ्या गळ्याला बोट लावलं की तिनं ओठ मिटून गिळायचं. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. कधी कधी मी तिच्यावर खेकसायचे, मग दोघी रडायचो.

जूनमध्ये शाळेनं परत पाठवलं. त्या मोठ्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही. दिवाळीनंतर घेतलं, तेव्हा दोन लाळेऱ्यांत दिवस निघत होता. पूर्ण थांबली नाही, थांबणारही नव्हती. त्या चिडक्या डॉक्टरांचे उपकार मात्र मी विसरणार नाही. त्यांनी पोरीच्या तोंडात पाहिलं, माझ्या ताटात नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी वन्सं आल्या. माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. सुनीच्या हातात नवी पिपाणी दिली आणि आमच्याबरोबर चालू लागल्या. फाटकाशी एका बाईनं लाळेरं पाहिलंच. "आईचं डोहाळं राहिलं वाटतं?"

मी शिवी तोंडात आणली होती. वन्संनीही पदर खोचला होता. पण सुनीनं आम्हा दोघींना हातानं थांबवलं. स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, ओठ मिटले, गिळलं, आणि सावकाश म्हणाली,

"आईचं कायबी न्हाय राहिलं. मला गिळाय येत नव्हतं. आता येतंय."