बाकावरून दिसणारा फॉर्म

शुक्रवार पेठेतल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या वेबसाइटवर मी प्रवेशाचा फॉर्म बसवत होतो. पहिल्याच पानावर सूचनांशेजारी एक चौकोन असतो, आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. फॉर्म त्यात दिसायला हवा होता, आणि दिसत नव्हता. अर्जाची शेवटची तारीख त्याच दिवसाची. वसतिगृहाच्याच ऑफिसात, माझ्यासमोरच्या बाकावर माढ्याकडचे एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी सकाळपासून बसले होते. कागदी अर्ज बंद झालेत, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

बसले म्हणायचं इतकंच. चपलेतून पाय काढायचे, परत घालायचे. दर मिनिटाला अंगठ्यानं मोबाईलवरचं पान खाली ओढून ताजं करायचे आणि माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यानं मी जास्तच चुकत होतो.

दुपारी फॉर्म एकदाचा दिसला. "आला बघा," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

त्यांनी पान ओढलं. पुन्हा ओढलं. मग उठून मोबाईल माझ्या कॉम्प्युटरशेजारी धरला. त्यावर चौकोन रिकामाच होता.

"तुमाला दिसतोय की साहेब," ते हळू म्हणाले. "आमाला न्हाय."

मी ॲडमिन म्हणून लॉगिन केलं होतं, आणि तो ब्लॉक फक्त ॲडमिनलाच दिसेल असं मीच ठरवून ठेवलं होतं. एक टिचकी मारली, फॉर्म त्यांच्या हातात उघडला. अर्ज भरून ते एसटी गाठायला पळाले. नाव विचारायचं राहिलंच.

आता काम झालं की मी लॉगआउट करतो, खुर्ची सोडतो आणि बाकावर जाऊन मोबाईलवर बघतो. दिसलं तरी अंगठा पान आणखी एकदा खाली ओढतोच.