सतत गैरहजर

निवृत्तीनंतर दोन वर्षं मी घरीच होते. मग वडगावच्या एका संस्थेकडून विचारणा झाली. बाल न्याय मंडळापुढे ज्यांची प्रकरणं चालू आहेत, अशा मुलामुलींसाठी ते आठवड्यातून चार दिवस वर्ग चालवत. मुलं जामिनावर घरी सोडलेली असत, पण वर्गाला यायचं ही मंडळाची अट असे. बहुतेकांची शाळा केव्हाच सुटलेली. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचं, हे काम. मराठी आणि गणिताला मी हो म्हटलं.

वर्ग म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. फवारणीच्या औषधांचा उग्र वास जिन्यातून वर यायचा. पहिल्याच दिवशी मला बजावलं गेलं, की कुणालाही ‘तू काय केलंस’ असं विचारायचं नाही. मी विचारलं नाही. कागदावर असेल तेवढं कळायचंच.

वर्गात एक मुलगी होती, सोळा वर्षांची, डोंगरातल्या वाडीवरची. लोणावळ्याला बंगल्यांच्या साफसफाईला जायची. तिथल्या पाहुण्यांची एक बॅग गेली. बरोबरच्या बाईने ती उचलली होती आणि हिने लपवून ठेवली होती. हिने ते कबूल केलं होतं. वर्गात ती खिडकीपाशी बसे आणि स्वतःहून कधी बोलत नसे. तोंडी हिशेब मात्र पक्के. कुठल्या बंगल्यातून किती चादरी, किती अभ्रे धुवायला गेले आणि किती परत आले, हे तिने वर्षभर डोक्यात ठेवलं होतं. लिहायला बसली की पेन अडखळे. अक्षर सहावीतच थांबलेलं.

शाळा कुठली होती, असं मी विचारलं तेव्हा तिने डोंगराखालच्या गावाचं नाव घेतलं. मी म्हटलं, “अगं, मी होते की त्या शाळेवर.”

“व्हय. माहितीय,” ती म्हणाली आणि वहीत बघत राहिली.

मला तिचा चेहरा आठवेना. इतकी मुलं हाताखालून गेली, एखादा चेहरा निसटून जातो, असं मी स्वतःला सांगितलं.

फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. दिवाळीआधी आम्ही दोघी एसटीने गेलो आणि फाट्यापासून चालत शाळेवर पोचलो. मुख्याध्यापक तरुण होते. दाखला कशाला, असं त्यांनी विचारलं. दहावीला बसायचंय, एवढंच मी सांगितलं. पहिलीच्या रांगेत तिचा धाकटा भाऊ बसला होता. बहिणीला बघून तो उठला. तिने हातानेच त्याला बस म्हटलं.

मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. तिच्या नावाची ओळ सापडली. शाळा सोडल्याचं कारण – सतत गैरहजर. अक्षर माझं होतं. तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका मीच होते. मुख्याध्यापकांनी ती ओळ नव्या दाखल्यावर जशीच्या तशी उतरवली आणि शिक्का मारला. ती माझ्या शेजारी उभी राहून वाचत होती.

परत येताना फाट्यावर बराच वेळ बसलो. एसटीचा पत्ता नव्हता. शेवटी मीच विचारलं, की शाळा का सोडलीस.

ती सावकाश सांगू लागली. आई भातलावणीला दुसऱ्यांच्या शेतावर जायची. भाऊ वर्षाचा होता. काही दिवस ती घरीच राहिली. मग एक दिवस त्याला कडेवर घेऊन वर्गात येऊन बसली. तो रडायला लागला.

“तुमी म्हणला, याला घरी ठिवून ये,” ती म्हणाली. “घरी कोन न्हवतं.”

आवाजात तक्रार नव्हती. मी आठवायचा प्रयत्न केला. पाचवी ते सातवी एकाच खोलीत, दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले, तपासणी तोंडावर आलेली. हे सगळं आठवत होतं. रडणारं मूल आठवत नव्हतं. त्या आवाजात शिकवता येत नाही, असं मी म्हटलं असणार, कारण तसं मी पुष्कळदा म्हणत असे. वाडी शाळेपासून तासाभराच्या चढावर. तिथवर मी एकदाही गेले नव्हते.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “आणि मला ते आठवतही नाही.”

ती म्हणाली, “तुमाला लय पोरं होती, बाई.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं संस्थेत सांगितलं. कडेवरची भावंडं घेऊन वर्गाला येऊ द्या, अशी मागणीही केली. मुलांवर देखरेख ठेवणारे परिविक्षा अधिकारी आधी कां-कूं करत होते. मग कोपऱ्यात एक सतरंजी पडली. महिन्याभरात त्या सतरंजीवर दोन लहान मुलं लोळू लागली. त्यांच्या गोंगाटात मी अपूर्णांक शिकवले. जमतं, हे मला सेवा संपल्यावर कळलं.

संक्रांतीच्या सुमारास मंडळाने तिचं प्रकरण मिटवलं. आता वर्गाला येण्याची सक्ती उरली नव्हती. सोमवारी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती नेहमीच्या वेळेला आली आणि खिडकीपाशी बसली. मार्चमध्ये परीक्षेला बसली. गणितात काठावर सुटली, मराठीत बरे गुण मिळाले, इंग्रजी राहिलं.

आता ती अठराची झाली आहे आणि नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. इंग्रजीचा फॉर्म तिने पुन्हा भरला होता. परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“बाई, सुट्टी दिली न्हाई. पुढच्या बारीला बसते.”

साहेबांशी मी बोलू का, असं मी विचारलं. नको म्हणाली, ती स्वतःच बघेल. मागे यंत्रांचा आवाज सुरू झाला. तिची जेवणाची सुट्टी संपली होती.